एका वेळी एकानंच बोलायचं

माझ्या नोकरीची पहिली वर्षं रिसोडला एका बिनतारी यंत्रासमोर गेली. खात्याचं नाव सांगत नाही. खातं अजून आहे आणि पेन्शन तिथूनच येते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारंजा, मालेगाव, वाशीम, रिसोड आणि वर अकोल्याचं मुख्य केंद्र, एवढ्यांना मिळून हवेतली एकच वाट दिली होती. म्हणून नियम साधा: एका वेळी एकानंच बोलायचं. माइकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबलेलं असताना आपल्याला कुणाचं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. अकोला एकेकाला हाक मारणार. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यानं ‘निल’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

वाशीमला जे बसायचे ते वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ‘पूल पाण्याखाली, रस्ता बंद’ एवढंच सांगायचं असलं, तरी पलीकडे अडकलेली बैलगाडी कुणाची, तो कुणाचा जावई, बैल कुठल्या बाजारातून आणले, हे आधी. नमनालाच घडाभर तेल. तिकडे मालेगाव आपला निरोप धरून ताटकळतंय. मी तोंडाचा फटकळ. “काका, आटपा की,” म्हणून ओरडायचो, पण बटण काकांच्या अंगठ्याखाली, त्यामुळे ओरडणं माझ्या खोलीतच राहायचं. सगळं झाल्यावर काका बटण सोडायच्या आधी विचारायचे, “कोनाले काई म्हनायचं होतं का?”

यंत्रावरून खासगी निरोप द्यायला बंदी होती. एकदा काकांनी भाच्याच्या सोयरिकीचं मालेगावला विचारलं, तेव्हा मी सगळ्या केंद्रांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काका, हे सरकारी यंत्र आहे, तुमची ओसरी नाही.” काका म्हणाले, “बरं बाप्पा, तुयं खरं.” माझंच खरं होतं, असं मला अजूनही वाटतं.

माझ्या बायकोचं पहिल्या खेपेचं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि तिच्या आईनं तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. कारण सांगून मी सकाळीच यंत्रावरून अकोल्याकडे माझ्या जागी बसणारा माणूस मागितला होता; तो आला की मी निघणार होतो, आणि तो येत नव्हता. सकाळी लावलेला ट्रंक कॉल दुपारपर्यंत लागला नव्हता. समोर यंत्र होतं, त्याच्या पलीकडच्या टोकाला वाशीम होतं, आणि मला एक शब्द विचारता येत नव्हता. विचारला नाही. हेही मूल गेलं तर तिच्यासमोर कसा उभा राहू, एवढंच डोक्यात फिरत होतं. डबा उघडला आणि तसाच लावून ठेवला.

दुपारी यंत्रातून एकदम कपबशीचा आवाज आला. मग खुर्ची करकरली. मग काका स्वतःशीच पुटपुटले, “हा गुडघा काहून दुखून राह्यला काय माहीत.” काकांचं बटण अडकलं होतं. अख्खा जिल्हा मुका आणि काकांचा गुडघा तेवढा बोलतोय. अकोला ओरडत असणार, पण तेही आपल्याच खोलीत. आजच व्हायचं होतं हे. मी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात काकांकडचं दार वाजलं. काकांचा शिपाई आला असावा, कारण काकांनी विचारलं, “गेल्ता का दवाखान्यात?”

“गेल्तो. पन नर्सबाई जेवाले गेल्त्या. मंग म्हटलं बसावं. तं तिथं आमच्या गावचा एक भेटला, त्याची सासू...”

“सासू राहू दे,” काका म्हणाले. “चऱ्हाट लावू नोको, थोडक्यात सांग. तो पोरगा तिकडं रिसोडले जीव मुठीत धरून बसला असन.”

“पोरगी झाली. लहानशी हाय, पन चांगली रडून राह्यली. मायबी बरी हाय.”

मी खाली बसलो. उभा कधी राहिलो होतो ते ठाऊक नाही.

“आता त्याले सांगू कसं?” काका म्हणाले. “सरकारी यंत्र हाय. खासगी बोललो तं खाऊन टाकन तो मले.” बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “अरे, हे बटन काहून दबलं हाय?” आणि आवाज बंद झाला.

अकोल्यानं काकांना जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. त्यानंतर नेहमीसारखी हजेरी सुरू झाली. कारंजा, निल. मालेगाव, निल. वाशीम?

काका खाकरले. “वाशीम ते रिसोड. रिसोडचे दोन इसम. एक मोठी, एक लहान. दोघी सुखरूप. संपलं.”

त्यांच्या सबंध नोकरीतला तो सगळ्यात आखूड निरोप असावा.

“रिसोड,” अकोल्यानं विचारलं, “निरोप मिळाला का?”

मी बटण दाबलं. ‘मिळाला’ एवढंच म्हणायचं होतं. पण मला रडू आलं, आणि अंगठा बटणावरच राहिला. मी दाबून होतो तोवर कुणालाच बोलता येत नव्हतं. कारंजा, मालेगाव, अकोला, सगळे सरकारी यंत्रावर माझं मुसमुसणं ऐकत बसले.

बटण सोडलं तेव्हा आधी काकांचाच आवाज आला.

“मिळाला त्याले,” काका म्हणाले. “पुढं घ्या.”