दहा उन्हाळ्यांचं कलम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माय हंडा घेऊन येताना दिसली की हसणं जमणार नाही. आणि तो हंडा तिच्या कमरेवर कुणी ठेवला? मी. कागदावर, टाइप करून, कलम क्रमांक घालून!

आम्ही गुजराती मुलखात, डिंडोलीच्या पुढे राहतो. गल्लीच्या टोकाला शेवटची तीन घरं: आमचं, प्रल्हादतात्यांचं आणि वानखेडेकाकांचं. नळाला पाणी येतं, नाही असं नाही. पण आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची धार करंगळीएवढी होते आणि उन्हाळ्यात करंगळीही जाते. मग कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून हंडे आणायचे. मायचे दोन्ही गुडघे गेलेत. उतरताना ती प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेते, आणि देव काही खांदा देत नाही.

म्हणून तिन्ही घरांनी मिळून बोर मारायचं ठरलं. खर्चात तिघं, पाण्यात तिघं.

इथे मी घुसलो.

मी कोण? डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. का सोडला, ते विचारू नका; मास्तर पिवळ्या पडलेल्या वहीतून शिकवायचे आणि आम्ही ती वही उतरवून घ्यायचो, त्यापेक्षा झेरॉक्सचं दुकान बरं. आता मी एका ऑफिसात जुने करार स्कॅन करतो. तेलाच्या विहिरींचे. दोन-चार कंपन्या मिळून जमिनीत तेल शोधतात, तेव्हा आपसात एक जाडजूड करार करतात. जॉइंट ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट. दिवसभर पानं उलटायची, स्कॅन करायची. मी ती वाचायचो. आमच्या स्कॅनिंगच्या रूममध्ये ती वाचणारा मी एकटाच, आणि हीच माझी घमेंड.

काय कागद असतो तो! कोण काम चालवणार, नोटीस कशी द्यायची, खर्चाला कोण नाही म्हणालं तर काय, उत्तरच दिलं नाही तर काय. सगळं लिहिलेलं. ‘बघू’, ‘होईल’, ‘आपलीच माणसं आहेत’ असली भानगडच नाही.

आणि आमच्या घरात? नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं लूमवर काढली. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. भरपाई मागायला गेलो तर कारखान्यातला माणूस म्हणतो, “हा माणूस आमच्याकडे होता याचा कागद दाखवा.” कागद नव्हताच! तीस वर्षांत एकही नाही. कारण मालक ‘घरचा माणूस’ होता ना! या पिढीला मालकानं चहा पाजला की पुरे. पगारपत्रक मागायला लाज वाटते, बहिरं व्हायला नाही.

तर मी ठरवलं, बोरचा करार होणार. तेलासारखा.

दोन दिवस बसून मसुदा केला. बोर तात्यांच्या अंगणात, वीज त्यांच्या मीटरची, म्हणून काम चालवणारे तात्या. तोंडी होकार-नकार चालणार नाही, सगळं लेखी. नोटीस करारातल्या मेलवर. आणि कलम नऊ, माझं लाडकं! बोरची गाडी जागेवर उभी असताना आणखी खोल जायचं ठरलं, तर नोटीस मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं. उत्तर नाही, म्हणजे तुम्ही त्यात नाही. उरलेले आपल्या जोखमीवर खोल जातील, आणि पाणी लागलं तर ते त्यांचं.

तेलात अशा पाठ फिरवणाऱ्याला कायमचं बाहेर काढत नाहीत. ज्यांनी जोखीम घेतली त्यांनी खर्चाच्या दहापट वगैरे काढून घेतलं, की मग त्याला परत आत घेतात. आता पाण्यात दहापट कशी मोजणार? हंड्यानं? मी सरळ लिहिलं, ‘दहा उन्हाळे’.

माझ्या डोळ्यासमोर तात्या होते, खोटं कशाला बोलू. हा माणूस कुठल्याही गोष्टीला दोन महिने ‘बघू’ म्हणतो. म्हटलं, बसा आता दहा उन्हाळे बघत.

सह्यांना तात्यांच्या ओट्यावर जमलो. तात्यांनी चष्मा न लावताच पेन उघडलं.

“वाचा तरी,” मी म्हणालो.

“तू लिहिलंय ना, भूषण? मग काय वाचायचं?”

झालं! माझं डोकंच सटकलं. “यामुळेच तुमची अख्खी पिढी फसली, तात्या! न वाचता अंगठे मारायचे आणि मग कपाळ बडवायचं. आमच्या नानांचे कान असेच गेले. तुम्हा लोकांना कागदाची किंमतच नाही!”

वानखेडेकाका म्हणाले, “अरे जाऊ दे नं भाऊ, कायले चिडतं मोठ्या माणसावर?”

तात्यांनी सही केली, आपली प्रत चार घड्या घालून खिशात ठेवली. मला वाटलं, विडी पेटवायला ठेवली असेल.

बोरची गाडी आली. गाडीवाल्या भीखाभाईंनी रातोरात ठरलेल्या खोलीपर्यंत भोक पाडलं. निघाला नुसता चिखल.

“पाणी छे,” भीखाभाई म्हणाले, “पण हजी नीचे छे. बोलो, जवुं छे नीचे? बे दिवस ऊभो रहीश, पछी बीजे गाम जईश.” म्हणजे पाणी अजून खाली, आणि गाडी दोनच दिवस थांबणार.

नाना ओरडले. ते नेहमी ओरडतातच, स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही म्हणून. “हो! जाऊ द्या खाले! मन्हं हो शे!”

त्यांचा होकार अख्ख्या गल्लीनं ऐकला. मी त्यांचा दंड धरून बाजूला घेतलं आणि कानाशी बोंबललो, “तोंडी चालत नाही, नाना! लेखी लागतं! आधी तात्यांची नोटीस येऊ द्या!”

आता माझा डाव ऐका. करारात कलम सहा होतं, की काम चालवणाऱ्यानं नोटीस न देता गाडी चालवली, तर त्याचं काम काढून दुसऱ्या घराला द्यायचं. म्हणजे बोरचं बटण माझ्याकडे! आणि तात्या नोटीस कुठून देणार? ज्या माणसाला फोन आला की तो आधी उलटा कानाला लावतो, तो मेल करणार?

मी दोन दिवस घरासमोर खुर्ची टाकून बसलो. ऑफिसला दांडी. गाडी उभी, तात्या उभे, मी बसलेला. वानखेडेकाका तीनदा येऊन गेले.

“भूषण, हो म्हण नं बाप्पा. कायचं नाटक लावलं?”

“पद्धत आहे, काका. पद्धतीनं होईल.”

माय दारातून म्हणाली, “भाऊ, तू काय करी ऱ्हायना? ती गाडी निघी जाई ना रे!”

“तुले नही समजनार, माय.”

हे मी तिला म्हणालो. तिच्या हातात तेव्हा हंडा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी धडधडायला लागली. नानांना ऐकू येत नाही, पण ओट्याची फरशी हादरली तशी ते पायांनी समजले आणि लहान पोरासारखे हसत बाहेर आले. मीही हसत बाहेर आलो. तात्या सापडले!

“नोटीस कुठाय, तात्या? लेखी नोटीस? गेलात तुम्ही! कलम सहा!”

तात्यांनी मान वळवून घरात हाक मारली. त्यांची मुलगी वैशाली बाहेर आली, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची, हातात फोन.

“दादा, परवाच मेल केलाय. गाडी थांबल्यावर अर्ध्या तासात.”

“मला नाही आला.”

“करारात जो पत्ता आहे त्यावर केलाय.”

पत्ता. घराचा म्हणून खास नवा मेल उघडला होता मी, रुबाबदार नावाचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. करार छापला त्या दिवसापासून त्यात डोकावलो नव्हतो. पासवर्ड आठवायलाच वीस मिनिटं गेली. आत तीन मेल. पहिला नोटिशीचा. दुसरा आठवणीचा. तिसरा, गाडी सुरू व्हायच्या जरा आधीचा: ‘मुदतीत उत्तर न आल्यामुळे, कलम नऊनुसार, आपण सहभागी नाही असे धरण्यात आले आहे.’

“भाषा तुझीच आहे दादा,” वैशाली म्हणाली. “मी फक्त तारीख टाकली.”

“पण नाना हो म्हणाले होते! सगळ्यांसमोर!”

“मीनं आयकलं नं,” वानखेडेकाका म्हणाले. “सोताच्या कानानं.”

तात्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर झिजला होता. “रोज एक पान वाचून घेतलं पोरीकडून,” ते म्हणाले. “तू बोलला ना, वाचा म्हणून. तोंडी चालत नाही, हे कोण म्हणालं, भाऊ?”

दुपारी पाणी लागलं. खारं लागलं असतं तरी माझी अब्रू थोडी वाचली असती. गोड लागलं! दोन घरांच्या टाक्या भरून वाहिल्या, आणि आमच्या पाइपाला प्लंबरनं बूच मारलं.

संध्याकाळी तात्या आमच्याकडे आले. मी मान खाली घालून उभा. ते मायकडे बघून म्हणाले, “वहिनी, फाडून टाकू हा कागद. मला तुमचे हंडे बघवत नाहीत. पोराला जरा धडा द्यायचा होता.”

मी सुटलो असं वाटलं मला. खरंच. धावत आत जाऊन आमची प्रत आणली आणि नानांच्या हातात दिली. खुणेनं सांगितलं, फाडा.

नानांनी ती उलटीपालटी करून बघितली. खालची स्वतःची सही बघितली. मग घडी करून खिशात ठेवली.

“सही मन्ही शे,” ते ओरडले. “कागद मालक लोके फाडतस. आपण नही.”

मायनं हंडा उचलला. मी तिच्या हातातून घेतला. तेव्हापासून तो माझ्या खांद्यावर आहे, पण मी ऑफिसात असतो तेव्हा ती नेतेच. हा पहिला उन्हाळा. अजून नऊ.

परवा कोपऱ्यावरच्या नळावर रांगेत होतो. मागच्या गल्लीतले दोघं भेटले. त्यांनाही चार घरांत बोर मारायचाय.

“भूषणभाई, तुमचा तो करार द्या ना. सगळे म्हणतात, एकदम पक्का आहे. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.”

खरं सांगतो, अंगावर मूठभर मांस चढलं. हंडा खाली ठेवून मी म्हणालो, “देतो की. आजच मेल करतो.”

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“नको, मेल नको,” एक जण म्हणाला. “वैशालीबेनकडून घेतो.”