बैठकीत उत्तर देऊ नये

पडद्यांच्या दुकानातल्या वहिनींना गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. पडद्याला चुण्या घालाव्यात त्यांनीच, आणि चार शब्द सुनावावेत तेही त्यांनीच. गिऱ्हाईक खिडकीचं चुकीचं माप घेऊन आलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा जो सुटायचा, तो नवं माप येईपर्यंत. अशी बाई आठवड्यातून एकदा तासभर तोंड मिटून बसते, हे कुणाला सांगूनही पटायचं नाही. पण बसायच्या.

दुकानामागच्या खोलीत कापडाचे तागे भिंतीला सारले की बैठक भरायची. ती सुरू केली कंपाउंडरकाकांनी. दवाखान्यात जन्मभर पुड्या बांधता बांधता त्यांच्या ध्यानात आलं होतं, की माणसाला मध्येच तोडलं तर त्याचं खरं दुखणं बाहेर येतच नाही. म्हणून नियम एकच. एकानं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर नाही, सल्ला नाही, ‘अगं, माझंही अगदी तस्संच’ हे तर मुळीच नाही. ऐकता ऐकता आपल्या आतली बडबड थांबते, ती थांबल्यावर जे उरतं ते बघायचं. काकांचं अध्यात्म एवढंच. मात्र बैठक उठली की हेच काका दारात चपला शोधता शोधता एकेकाला गाठायचे. तू छाती दाखवून ये, तू भावाला फोन कर, तुझ्या मुलीशी मी बोलतो. हे सगळं उंबऱ्यापाशी व्हायचं, म्हणून साधनेत कुणी ते धरलंच नाही. माशी शिंकली ती तिथं.

गल्लीचा तर्क वेगळाच. दार बंद, आत माणसं आणि आवाज नाही, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं. समोरच्या चष्मेवाल्यानं ‘मुक्यांची टोळी’ असं नाव ठेवून दिलं होतं. तिथं मंत्र टाकतात, असंही तो गिऱ्हाइकांना सांगायचा. आता बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? काकांनी त्यालाही एकदा आत बोलावलं होतं, पण फुकट करमणूक घालवायला तो कशाला येतोय.

काका गेले आणि मखमलराव आले. हे नाव वहिनींनीच ठेवलेलं, आवाजावरून. कुठल्याशा कंपनीत माल कसा खपवायचा ते शिकवायचे. आले तेव्हा मागं दाराशी बसले, मग पुढं सरकले, आणि बघता बघता मधोमध. मग तागे बाहेर गेले, गालिचा आत आला, आणि साधनेला पायऱ्या लागल्या. सगळ्यांत जुन्या म्हणून वहिनी थेट वरच्या पायरीवर. खोटं कशाला बोला, वहिनी फुगल्या. उभा जन्म दुसऱ्यांच्या खिडक्या सजवण्यात गेलेला. कुणी तरी मान दिला, तो गोड लागला.

पुढं मखमलरावांनी सांगितलं की उत्तर न देण्याचा नियम बैठकीपुरता नाही, घरीदारीही पाळायचा. त्यानंतरची मजल तर भलतीच. दुखणं म्हणजे शरीराचं बोलणं, आणि औषध म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. तेव्हा औषध घेऊन शरीराला गप्प करू नका. वहिनींना हे खटकलं. पण वरच्या पायरीवरच्या माणसानं शंका काढायची कशी?

आणि बैठकीला त्यांची नणंद येत होती. वहिनींनीच आणली होती. नणंद एकटी, वहिनींकडेच राहणारी, साखरेचं दुखणं असलेली, रोज सुई टोचून घेणारी. एका बैठकीत तिनं सांगितलं, सुई बंद केली. सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या खेपेला म्हणाली, पायाला मुंग्या येतात. मग म्हणाली, अंगठ्याखाली फोड आलाय, पण दुखत नाही. मखमलरावांनी डोळे मिटून समाधानानं मान हलवली.

घरी वहिनींना फ्रिजच्या दारात औषधाची बाटली तशीच भरलेली दिसायची. नणंद लंगडत चहा आणून द्यायची आणि दोघी न बोलता प्यायच्या. दुकानात वहिनींनी एका पडद्याला अस्तर चक्क उलटं लावलं. तरी तोंड उघडलं नाही. नियम म्हणजे नियम, काकांचा नियम, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. काका असते तर त्यांनी कान धरला असता, हे काही त्या वेळी सुचलं नाही.

त्या दिवशी बैठकीत नणंद म्हणाली, मोज्याला वास येतो, आणि पाय कुठं टेकलाय ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. सगळे गालिच्याकडे बघत ऐकत होते.

“वन्सं, उठा. दवाखान्यात जायचंय, आत्ता.”

मखमलरावांनी मऊ आवाजात पायरीची आठवण करून दिली. पायरी घाला चुलीत, म्हणाल्या वहिनी, आणि पुढं जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. बाकीच्यांतलं कुणी उठलं नाही. वहिनींनी नणंदेला खांद्याचा आधार देत बाहेर आणलं आणि रिक्षात घातलं.

पाय वाचला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. नणंद शुद्धीवर आली. वहिनी उशाशी बसून म्हणत होत्या, त्या माणसाच्या नादी मी तुम्हाला लावलं, तुमचा विश्वास बसला त्याच्यावर, सगळं माझ्यामुळं.

“माझा कसला विश्वास?” नणंद म्हणाली. “त्या पायऱ्याबियऱ्या मला कधी कळल्याच नाहीत. सुई टोचायचा कंटाळा आला होता, म्हणून बंद केली. मग भीती वाटायला लागली. घरी तू बोलायचीच नाहीस. म्हणून दर बैठकीला सांगत होते गं, तू तरी रागावशील म्हणून.”

वहिनी तिथंच, नर्सच्या देखत, ओक्साबोक्शी रडल्या.