कोणाचो महादू होव नये

मालवणच्या बाजारात जाळी, दोर आणि सुतळी विकणारा गुरुदास म्हणजे नाटकाचा किडा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हा आपला काउंटरवर कोपर टेकून संवाद घोकतोय. बायको यशोदा म्हणायची, ह्यांचं पहिलं लग्न पडद्याशी लागलं, मी आपली दुसरेपणाची. कॉलेजच्या एकांकिका, मग गावच्या जत्रेतली नाटकं, मग हौशी मंडळ. पस्तीस वर्षं माणूस थांबला म्हणून नाही. नट बरा होता, पण तालमीला उभा राहिला की साक्षात जमदग्नी.

प्रयोगाआधी स्टेजवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान त्याचाच. लाइट जाऊ नये, माइक कुरकुरू नये, हे सगळं देवाच्या कानावर घालून झालं की शेवटी तो आवाज चढवायचा, "आणि कोणाचो महादू होव देव नको रे म्हाराजा!"

मंडळी हसत हसत ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

महादू होणं म्हणजे संवाद विसरून स्टेजवर खांबासारखं उभं राहणं. मंडळात काल आलेल्या पोरींनाही हा शब्द तोंडपाठ. दुसऱ्या मंडळांनीही तो उचलला होता. पण महादू नावाचा हाडामांसाचा माणूस फोंडाघाटात शेती करून राहतो, हे निम्म्यांच्या गावीही नव्हतं.

ह्या शब्दामागची गोष्ट ब्याण्णव सालची. कॉलेजची एकांकिका कोल्हापूरला अंतिम फेरीत गेली होती. दोन भाऊ आणि एक हरवलेली होडी. थोरला गुरुदास, धाकटा महादू. धाकटा विचारतो, "होडी कोणी सोडली?" थोरला कानावर हात ठेवतो. मग धाकट्याचं दोन पानांचं स्वगत, सगळ्या एकांकिकेचा जीव त्यात. ते संपलं की तो पुन्हा तेच विचारतो आणि थोरला कबूल होतो, "मी सोडली." पण त्या दिवशी स्वगत आलंच नाही. महादू नुसता तोंड उघडं टाकून उभा. प्रॉम्प्टर बिचारा पानंच उलटत बसला. बक्षीस गेलं ते गेलंच. परतीच्या एसटीत, फोंडाघाट यायच्या आत, गुरुदासाने सगळ्यांसमोर त्याला झाडलं, "हेच्यापुढे स्टेजार पाय ठेवू नको." महादूने आपली पिशवी उचलली आणि घाट संपताच उतरून गेला. त्यानंतर तो खरोखरच कुठल्या स्टेजवर दिसला नाही.

पडलेला प्रयोग पुन्हा कोण बघतो? त्याची व्हिडिओ कॅसेट कॉलेजच्या कपाटात पडून राहिली. यंदा मंडळाने गुरुदासाचा सत्कार ठरवला आणि त्याच्या लेकीने, दिव्याने, ती शोधून कुडाळच्या स्टुडिओतून मोबाइलवर घेतली. दुपारी जेवणं झाल्यावर तिने बाबांच्या हातात मोबाइल दिला. गुरुदास खुशीत आला. म्हणाला, आता बघा हा, महादू कसा होतो तो.

पडद्यावर महादूने विचारलं, "होडी कोणी सोडली?"

आणि एकवीस वर्षांचा गुरुदास छाती पुढे काढून म्हणाला, "मी. मी सोडली."

गुरुदासाच्या पायाखालची वाळू सरकली. त्याने मागे घेऊन पुन्हा बघितलं. चारदा बघितलं. चारही वेळा तोच चुकत होता. पहिल्याच प्रश्नाला शेवटचं उत्तर! भाऊच कबूल झाल्यावर धाकट्याने दोन पानं बोलायचं तरी काय? महादू विसरला नव्हता, त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती.  तेहतीस वर्षं ह्या तोंडाने देवासमोर त्या माणसाचं नाव कसं घेतलं, ह्याच विचाराने त्याच्या अंगावर काटा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. एसटीने फोंडाघाटात जाऊन विचारत विचारत महादूचं घर गाठलं. केस पांढरे झालेला महादू खळ्यात काजू वाळत घालत होता. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, कोकम सरबत मागवलं. रागाचं नाव नाही. उलट स्वतःच हसत म्हणाला, "ता स्वगत माका अजून येता रे. त्याच दिवशी खंय गेला, ता काय कळाक नाय."

मग सरबत घेऊन आलेल्या लेकीकडे, संचिताकडे बघत तो सांगू लागला. ही कणकवलीला कॉलेजात होती तेव्हा एकांकिकेत निवडली गेली होती. तालमीत कुणी तरी म्हणालं, महादू होऊ नका. हिने घरी येऊन विचारलं, बाबा, हा महादू कोण? लपवायचं कशाला, त्याने सांगून टाकलं, मीच तो. दुसऱ्या दिवसापासून पोर तालमीला गेली नाही.

गुरुदासाने खुर्चीतून उठून मोबाइल पुढे केला. "चुकलंय मी," एवढंच तो कसंबसं बोलला.

महादूने ती दोन मिनिटं तीनदा बघितली. मग मोबाइल गुरुदासाला परत न देता लेकीच्या हातात दिला.

"बघ गो," तो म्हणाला, "माका सगळा पाठ होता."

संचिताने शेवटपर्यंत बघितलं आणि मान वर करून गुरुदासाकडे पाहिलं. एसटीत बसल्यापासून घोकलेली माफीची चांगली दहा वाक्यं त्याच्याकडे होती. त्यातलं एकही आठवेना. खळ्यात, त्या दोघांसमोर, तो तोंड उघडं टाकून नुसता उभा राहिला.