अर्ज क्रमांक सदतीस

प्रेरणावर गेल्या वर्षी पेपरात पान भरून आलं. छापायच्या आधी कलबुर्गीहून एक बातमीदार माझ्याकडे आला. तुम्ही चुलत बहीण, चार गोष्टी सांगा म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि चाराच्या चाळीस सांगितल्या. एक तेवढी मागं ठेवली. तिच्यात माझाही हात होता, म्हणून जीभ आवरली. ती आता लिहिते.

आमचं गाव हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीच्या अलीकडं. मी गावातच अंगणवाडीत आहे. आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं. माणूस समोर बसलेलं असलं तरी माझी नजर आधी चौकटीकडं जाते. प्रेरणा माझ्याहून वर्षानं लहान. तिचे वडील रामरावकाका तुरीच्या हंगामात आळंदच्या बाजारात हमालीला जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की ही त्यांच्याबरोबर. बाकीची पोरं बाजारात गूळ-शेंगदाण्यावर नजर ठेवायची, ही भाव ऐकत बसायची. संक्रांतीच्या सुमाराला तूर आली की भाव पडतो आणि आषाढ-श्रावणात चढतो, हे तिथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत होतं. आमच्या वस्तीत मात्र तूर घरात ठेवून वाट बघायची कुणाची छाती नव्हती. नववीत असताना हिनं बापाला आपल्या रानातली चार पोती राख लावून ठेवायला लावली.

"अप्पा, आत्ता इकू नका. थांबा."

काका थांबले. श्रावणात दीडपट भाव आला. थांबणं ही तिची विद्या, आणि ती तिथं शिकली. पुढं मुंबईत तिनं जे काही केलं ते याच विद्येवर केलं.

एक्क्याण्णव साली ती दहावीत तालुक्यात पहिली आली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या गावाला जेवण द्यायचं ठरवलं, भात, वरण आणि गव्हाची गोड हुग्गी. शिजवायला मोठी भांडी हवीत. गावाची म्हणून डेगी, पराती, भगुणी होती, पंचांच्या खोलीत कुलपात. किल्ली अंबाजीकडं. तसा भला माणूस, काकांशी तंबाखूची देवाणघेवाण असायची. पण आमची वस्ती बौद्धांची, आणि त्या भांड्यांत आमच्या वस्तीचा भात तोवर कधी शिजलेला नव्हता. अंबाजीनं नाही म्हटलं नाही. म्हणाला, "पंचास्नी इचारून सांगतो रामराव. उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही उद्याच. जेवणाच्या दिवशी सकाळपर्यंत उद्याच.

शेवटी काका मन्नाएखेळ्ळीला पळाले. तिथून भाड्याची भांडी टेम्पोत घालून आणेपर्यंत दुपार कलली. हुग्गी करपली, भात कच्चा राहिला. लोक हार घालून, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, न जेवता गेले. पार्वतीकाकू, प्रेरणाची आई, रात्री चुलीपुढं तशीच बसून होती. प्रेरणाला त्या दिवसातले हार आठवतात. काकूला परातीत उरलेला भात आठवायचा.

पुढचं पेपरात आलंय, तरी थोडक्यात सांगते. कलबुर्गीला बी.कॉम., अहमदाबादला मॅनेजमेंट, मग मुंबई. लग्नही तिकडंच केलं. आधी नोकऱ्या, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतःचा हेज फंड. हेज फंड म्हणजे काय, हे मी तिला खोदून विचारलं होतं. ती म्हणाली, "अक्का, तूर घरात ठेवायची, आणि भाव पडला तरी भरून निघंल अशी सोय आधीच करून ठेवायची. तूर लोकांची, सोय माझी." काकूनं त्याचं आणखी सोपं केलं होतं. कुणी विचारलं की सांगायची, "लोकाच्या रानाची राखण करती माझी पोरगी." दोन हजार आठ साली बाजार कोसळला तेव्हा ती नोकरीत होती. भले भले घाबरून पडत्या भावात विकून मोकळे झाले. हिच्या ताब्यातला पैसा जिथल्या तिथं राहिला, कारण सोय आधीच करून ठेवली होती आणि ही थांबली. तेव्हापासून मोठमोठे लोक तिचं दार धरून असतात. आमच्या भागातली, आमच्या जातीतली बाई! मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

मग तिनं वडिलांच्या नावानं ट्रस्ट काढला. काका तोवर गेले होते. कलबुर्गीत मुलींचं वसतिगृह, कॉलेजच्या फिया, आळंदकडच्या खेड्यांत अभ्यासिका. दोनशेवर पोरी शिकल्या, त्यातल्या तीन आज डॉक्टर आहेत. पहिल्या वर्षी मात्र गंमत झाली. नातेवाइकांची रांग लागली. आमच्या सुगतनं तर समाजकार्यासाठी बोलेरो मागितली. समाजकार्य म्हणजे त्याचं सासर आणि हुमनाबादचा ढाबा, हे आम्हाला माहीत होतं. प्रेरणा संतापली आणि तिनं नियम केला. कलबुर्गीच्या ऑफिसात अर्जावरचं नाव, गाव, जात सगळं झाकायचं आणि नुसता क्रमांक घालायचा. दिवाळीनंतर ती स्वतः बसून एकेक अर्ज वाचणार. ओळखीचा आणि परका, दोघांना एकच माप. मी तिला शाबासकी दिली होती तेव्हा.

दोन हजार वीस साली काकू माझ्याकडं अंगणवाडीत आली. पदराला गाठ मारलेली, चेहरा ठरवून आल्यासारखा.

"पंचशीला, एक अर्ज लिव्हायचाय. परीच्या ट्रस्टला." प्रेरणाला ती परी म्हणायची.

मी हसले. "अर्ज कामून काकू? फोन लाव की."

"फोन केला की ते मला दिल्यालं व्हईल. मला नगं, वस्तीला पायजे. भांडी. दोन डेगी, सहा भगुणी, पराती, दोनशे ताटं."

लेकीचा पैसा खायचा नाही, हा काकूचा जुना बाणा. प्रेरणानं पाठवलेले पैसे ती परत करायची. घरात फरशी आली ती काकू हुमनाबादला दवाखान्यात होती म्हणून, आणि फ्रिज आला त्यात ती चार वर्षं चपलांचे डबे ठेवत होती. स्वतःच्या दोन एकरावर आणि विधवा पेन्शनवर जगायची. पण ट्रस्ट म्हणजे लेक नव्हे, ट्रस्ट सगळ्यांचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. वर मला शपथ घातली.

"तिला सांगायचं न्हाई. तिनं सगळ्यास्नी एक नेम लावलाय, तो म्या मोडू व्हय? वस्तीचं म्हणून देऊ दे."

मी फॉर्म काढला. अर्जदाराच्या जागी महिला गटाचं नाव घातलं. वस्तू, संख्या, सगळं कन्नडमध्ये नीट लिहिलं. शेवटी एक चौकट होती, 'यामुळे काय बदल होईल?' काकू बराच वेळ बोलली. मी ऐकलं आणि लिहिलं, 'सामूहिक कार्यक्रमांची सोय होईल.' फॉर्ममध्ये असंच लिहितात. बाहेर पोरांना जेवण वाढायची वेळ झाली होती.

क्रमांक मिळाला सदतीस. दिवाळीनंतर कागद आला, 'पुढील वर्षी विचार करू.' मला राग आला. काकूला नाही आला.

"फुडल्या वर्षी म्हटलंय की. न्हाई थोडंच म्हटलंय?"

पुढं ढकललेल्या अर्जाचा क्रमांक बदलत नाही. दुसऱ्या वर्षी तोच सदतीस, तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी काकूनं सही करताना अंगठा दोनदा उठवला, पहिला पुसट आला म्हणून. पुन्हा पुढच्या वर्षी.

या तीन वर्षांत प्रेरणा पाच वेळा गावी आली. एकदा आम्ही तिघी बसलो होतो. ती आईला सांगत होती, यंदा आणखी चाळीस पोरींची सोय केली. काकूनं तिच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "अन् बाकीचे अर्ज?" "बाकीचे थांबतील, आई. ज्यानं जास्त फरक पडतो ते आधी." काकूनं मान हलवली. "बरोबर हाय." आणि माझ्याकडं बघितलं, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले. शपथेचं नाव सांगते, पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटायचं, एवढी हुशार आहे, तर आईच्या पोटातलं आपण होऊन ओळखावं. तिची परीक्षा घेत होते मी, आणि पेपर काकूच्या जिवावर.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत काकू गेली. तुरीची रास झाली होती, अंगणात ताडपत्रीवर वाळत पडली होती. दुपारी तिथंच बाजेवर आडवी झाली आणि उठली नाही.

पुण्यानुमोदनाला जिल्ह्यातून माणूस लोटलं. प्रेरणानं शिकवलेल्या पोरी आल्या, त्यांचे आईबाप आले. अंबाजीचा मुलगासुद्धा हार घेऊन आला. गावाची ती जुनी भांडी केव्हाच मोडीत गेली होती, म्हणून मन्नाएखेळ्ळीच्या मल्लेश्वरी टेंट हाऊसला सांगितलं होतं. त्यांच्याकडं त्याच दिवशी दोन लग्नं होती. वंदना झाली, भन्तेंचं प्रवचन झालं, आदरांजलीची भाषणं झाली, तरी टेम्पोचा पत्ता नाही. दोन वाजता आला. तोवर लोक उठायला लागले होते. लांबचे होते, बस गाठायची होती. प्रेरणा फाटकात उभी राहून हात जोडत होती. "जेवून जावा, भात होतोयच." लोक म्हणत होते, "असू दे ताई, पुन्हा येऊ." ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला कोण काय बोलणार.

ती माझ्याजवळ आली, चेहरा उतरलेला.

"अक्का, एवढी मोठी वस्ती आपली, आन् स्वतःची भांडी न्हाईत? कुणी सांगायचं तरी!"

माझं डोकंच फिरलं. तो दिवस काय, ती जागा काय, मला भान राहिलं नाही.

"सांगितलं होतं. अर्ज केला होता. तीनदा."

"कुणी?"

"सदतीस."

आकडा तिच्या डोक्यात एकदा गेला की बाहेर निघत नाही. लहानपणी तुरीचे मागच्या वर्षीचे भाव घडाघडा सांगायची. तिचे ओठ हलले. "सदतीस. भांडी. महिला गट." मग माझ्याकडं बघत राहिली. "ते आपलं गाव होतं?"

"तुझी आई होती."

ती खाली बसली. रिकाम्या भाड्याच्या डेगीला टेकून, जमिनीवर. मला वाटलं रडेल. रडली नाही. समोर बायका घाईघाईनं तांदूळ धूत होत्या, तिकडं नुसती बघत बसली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहायलाच हवं. तीन वर्षांचा माझा राग निघाला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की तिला हाणायला मी काकूचाच दगड उचलला, आणि काकूनं तर शपथ घातली होती.

भांडी महिनाभरात आली. मागितली त्याच्या दुप्पट. समाजमंदिरात फळ्या ठोकून लावलीत. पद्धतीप्रमाणे त्यावर नाव कोरायचं होतं, म्हणून मी फोन केला. पार्वतीबाई रामराव असं घालू का?

"नको," ती म्हणाली. "तिनं नाव सांगितलं न्हवतं. वस्तीचं घाला."

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "अक्का, त्या अर्जात शेवटी एक चौकट आहे. काय बदल होईल. त्यात लिहिलं होतं, कार्यक्रमांची सोय होईल. ते आईचं बोलणं न्हाई. ती असं बोलायची न्हाई."

खरं तेच सांगितलं. ते मी लिहिलं. तेच वाचून तू तीनदा पुढं ढकललंस.

"मग ती काय म्हणाली होती?"

काकूचं ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. लिहिलं नाही म्हणूनच बहुतेक पाठ राहिलं. मी सांगितलं. काकू म्हणाली होती, "असं लिव्ह. वस्तीतली पोरगी पास झाली की त्या दिवशी भात येळंवर शिजंल. लोक तिच्या घरून उपाशी जाणार न्हाईत. माझ्या परीच्या टायमाला गेले. तिनं कधी काढलं न्हाई, पण तिला कळलं आसंल."

मी म्हटलं, "परी, चूक माझी. मी ते लिहायला पायजे होतं."

"तू लिहिलं असतं तर मी दिलं असतं, व्हय," ती म्हणाली. "पण न लिहितासुद्धा ती भांडीच होती, अक्का. कुणीतरी भात शिजवायलाच मागितली होती. मी न्हाई म्हटलं न्हाई, म्हणून मला वाटलं मी चांगली."

आणि मग म्हणाली, "अंबाजीकाकानं तरी कुठं न्हाई म्हटलं होतं?"