गाणं तेच, चाल तुमची

कोंढ्याच्या तुलारामला लोक आवडत नसत, आणि लोकांना मात्र तुलाराम फार आवडे. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, पेटी वाजवता वाजवता तो गायक झाला, गावोगावची बोलावणी येऊ लागली, पण समोर बसलेल्यांविषयीचं त्याचं मत काही बदललं नाही. यांना सूर कळत नाही, नुसता आवाज कळतो, असं तो म्हणे. टाळ्या भलत्या जागी पडल्या की त्याचं तोंड कडू व्हायचं. नाही पडल्या तरी व्हायचं.

अशा माणसाचं एक गाणं ब्याण्णव साली जिल्हाभर गाजलं. ‘डोंग्यात बसली पाठमोरी, नाही वळली एकदा.’ वैनगंगा ओलांडून सासरी निघालेली मुलगी काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघत नाही, एवढीच गोष्ट. तुलाराम ती इतकी ओढून, इतकी हळू गायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, डोंगा नदीतच रुतला. कॅसेट निघाली. वरठीच्या कारखान्यातले कामगार सायकलवरून जाता-येता ते गाणं म्हणू लागले. तुलारामला त्याचाही राग. सायकलच्या घंटीवर ताल धरतात गाढवं, असं तो घरी येऊन बायकोला, गिरजाबाईला सांगायचा. गिरजाबाई भाजी निवडत ऐकून घ्यायची.

स्पर्धेची कल्पना भैय्याजींची. भंडाऱ्यात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. तुलारामचं तेच गाणं ज्याला जसं सुचेल तसं फिरवून म्हणावं, चाल बदलावी, शब्द बदलावे. परीक्षक खुद्द तुलाराम. बक्षीस म्हणून पाणी भरायचा पितळेचा गुंड. हे ऐकताच तुलाराम अंगावर येईल, अशी भैय्याजींना धास्ती होती. तो तर हसला.

“येऊ द्या सगळ्याइले,” तो म्हणाला. “आपली लायकी तरी समजंल त्याइले.”

मंडपात गर्दी मावेना. तुलाराम गुंडाशेजारी खुर्ची टाकून बसला. कारखान्यातल्या एका फिटरने ते गाणं ढोलकीवर कव्वालीसारखं म्हटलं. तुलारामने नाक मुरडलं. लग्नाच्या बँडवाल्याने क्लॅरिनेटवर वाजवलं; तुलाराम पान लावत बसला. एका कारकुनाने हुबेहूब त्याच्यासारखंच गायलं, आणि त्याच्यावर तर तो सगळ्यांत जास्त खवळला.

मग कुंताबाई उठली. बिड्या वळणारी बाई. सोबतीला तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, त्या नुसत्या सुपावर बोटं वाजवत होत्या, बिडी वळताना चालतात तशी भराभर. आणि कुंताबाईने त्या डोंग्यातल्या मुलीलाच बोलतं केलं:

“पाठमोरी बसली म्हनतोस, रडून काहून राहिलास रे?
माह्या डोऱ्यात ऊन जाये, तूच पुढं नाही आलास रे!”

मंडप आधी हसला आणि मग एकमेकांकडे बघू लागला. कितीतरी वर्षं सगळे त्या काठावरच्या माणसासाठी हळहळत होते. त्याने पाण्यात एक पाऊल टाकायला काय हरकत होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुलारामच्याही नाही. आणि ते गाणं तर त्याने स्वतःवरूनच रचलं होतं.

तो उठला. यातलं एकही गाणं बक्षिसाच्या लायकीचं नाही, मूळ गाणंच श्रेष्ठ ठरतं, असं त्याने जाहीर केलं, गुंड काखोटीला मारला आणि एसटी गाठली. स्वतःच्या स्पर्धेत स्वतःच पहिला आलेला माणूस भंडाऱ्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

गिरजाबाईने गुंडाला हातही लावला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “बाईचं बरोबर होतं.”

पुढे जिथे जाईल तिथे लोक कुंताबाईचं गाणं मागू लागले. तुलाराम नकार द्यायचा, चिडून पेटी मिटायचा. बोलावणी कमी झाली. शेवटी पवनीच्या एका कार्यक्रमात, अर्धा मंडप उठून चाललेला पाहून, त्याने ते गायलं. भराभर, बोटांनी पेटीवर ठेका धरत. गेलेले लोक परत येऊन बसले. गाणं संपल्यावर संयोजकाने माइकवरून विचारलं की ही नवी चाल कुणाची.

“माझीच,” तुलाराम म्हणाला.

समोर बसलेल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या, वडीलधाऱ्या माणसाची लाज राखावी तशा. आयुष्यभर ज्यांना गाढवं म्हटलं, त्यांनी आपल्याला सांभाळून घेतलं, हे त्याला तिथेच, पेटीवर हात असतानाच कळलं. इतका हलका माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता, आणि तो त्याच्याच जागेवर बसला होता.

त्यानंतर तुलारामने गाणं सोडलं. गळा बसला, असं लोकांना सांगितलं. लोकांनी ते खरं मानलं. कुणी ज्येष्ठमध आणून दिला, कुणी हळदीचं दूध सुचवलं, वरठीचा तो फिटर तर सायकल मारत कोंढ्यापर्यंत विचारपूस करायला आला. तुलारामने त्याला चहा पाजला, ओट्यावरून निरोप दिला, आणि आत येऊन गिरजाबाईला म्हणाला, “काही समजत नाही या लोकाइले.”