धारचा नवरदेव आणि आमच्या गल्लीतला गतिरोधक

देवासच्या आमच्या गल्लीतून मोटरसायकली अशा सुटायच्या की दोरीवरची लुगडी त्या वाऱ्यानं वाळून, घडी होऊन आपोआप कपाटात जायची. खोटं वाटत असेल तर काकूला विचारा. म्हणून चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि गल्लीच्याच टोकाचं कार्यालय मिळालं, तेव्हा काकांनी बँडच्या आधी गतिरोधक ठरवला. एखाद्या पाहुण्याला धक्का लागला तर धारचे व्याही जन्मभर ऐकवतील, ही त्यांची धास्ती.

समोरच्या घराचा स्लॅब भरत होते. उरलेल्या मालातून मिस्त्रीनं रस्त्यावर चार बोटं उंचीचा देखणा पट्टा ओढला. पण आमचे काका म्हणजे पंगतीत ताटावर आडवा हात धरला तरी जिलबी वाढणारा माणूस.

"एवढंच? घाला, अजून एक घमेलं घाला!"

"बस भिया, भोत हो गया," मिस्त्री म्हणाला.

"बस काय? लग्नघर आहे. माझ्या नावानं एक!"

मग काकूच्या नावानं एक, शेजारच्या आजोबांच्या नावानं एक. सगळी गल्लीच आग्रहाला उभी राहिली. काम संपलं तेव्हा माथ्यावरून धार दिसायचं. नजर चांगली असेल तर मांडूचे महालसुद्धा.

लग्नाच्या सकाळी धारहून नवरदेवाची गाडी आली. फुलांनी मढवलेली, बसकी. डौलात चढली आणि माथ्यावर पोट टेकून राहिली. चारही चाकं हवेत. ड्रायव्हरनं जोर लावला, तर चाकांनी आम्हांला नुसता वारा घातला.

"सगळे उतरा, आम्ही गाडी उचलतो," काका घामाघूम होऊन म्हणाले. मुहूर्त जवळ आलेला.

नवरदेवाच्या आईनं काच खाली केली. "सीमांतपूजन झाल्याशिवाय आमचा मुलगा खाली पाय ठेवायचा नाही. वेशीवर कोण आलं होतं हो, आम्हांला घ्यायला?"

गल्ली गार! वेशीवर जाऊन वराची पूजा करायची ही जुनी रीत. हल्ली सगळे ती कार्यालयातच उरकतात, काकांनीही तसंच योजलं होतं. आता पूजेशिवाय कुणी उतरेना, उतरल्याशिवाय गाडी हलेना, आणि बहीण तिकडे शालू नेसून बसलेली. काकांचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला.

काकू मात्र पदर खोचून पुढे झाली. "अहो विहीणबाई, वेस ती हीच की! गाडी थांबेल तिथं आमची सीमा. खास तुमच्यासाठी बांधून घेतलीय."

कार्यालयातून ताट आलं. गाडीच्या दारातच काका-काकूंनी नवरदेवाचे पाय धुतले, गंध लावलं, नारळ दिला. त्या पाण्याचा ओघळ थेट क्षिप्रेला मिळाला असणार.

मग विहीणबाई उतरल्या आणि माथ्यावर उभं राहून त्यांनी चहूकडे पाहिलं. "देवासला देवीची टेकडी आहे, हे ऐकून होते. ही कुठल्या देवाची?"

"आमच्या ह्यांची," काकू म्हणाली.

विहीणबाई खळखळून हसल्या आणि काकांना श्वास सापडला. गाडी तिथंच सोडून सगळे चालत निघाले. अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. गाडी आम्ही जेवणं झाल्यावर उतरवली. आम्ही म्हणजे मीच. बाकीचे नुसते हात लावून होते.