मोठ्याने वाचलेली नावं

बेबाबाईने नवऱ्याला शेवटचं पाहिलं ते ॲम्ब्युलन्सच्या काचेतून. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुपचंद सोनगीरजवळच्या आपल्या गावातून धुळ्याच्या दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. भाऊबंदांपैकी कुणी पुढे होईना, तेव्हा धाकटा दीर अभिमन प्लास्टिकचा झगा चढवून गेला आणि भावाला अग्नी देऊन आला. त्याच दिवसांत बाजार बंद म्हणून शेतातली टरबुजं वेलीवरच सडली. वासाने बांधावर उभं राहवत नव्हतं.

पुढे सरकारने अशा शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. कागदपत्रं अभिमननेच नेली. काही महिन्यांनी बेबाबाईने विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, मयत माणूसना नाववर पैसा येत नही." तिने विश्वास ठेवला. ज्याने चिता पेटवली त्याच्यावर नाही ठेवायचा, तर कुणावर?

पण शेजारची भागाबाईही म्हणू लागली, आम्हाला काही मिळालं नाही. आणखी काही घरं तेच बोलत होती, तीही दबक्या आवाजात. ग्रामसभेत बायका मागे बसून असत. त्या दिवशी बेबाबाई उभी राहिली.

"ज्यासले मदत भेटनी, त्यासना नावे वाची दाखाडा."

"सगळं ऑनलाइन आहे, अक्का," ग्रामसेवक म्हणाला.

"मले वाचता येत नही. मोठा आवाजमा वाचा."

त्या सभेत झालं नाही, पुढच्याही नाही. बेबाबाई एसटीने धुळ्याला जायची, तहसीलच्या पायऱ्यांवर बसायची, साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकून परत यायची. शेवटी वरून आदेश आला आणि मारुतीच्या पारावर ग्रामसेवकाने माईकवर नावं वाचायला घेतली. ज्यांचं गावात शेतच नाही, अशांचीही नावं निघाली. लोक आधी हसले, मग ओरडू लागले. तेवढ्यात रुपचंदचं नाव आलं. रक्कम जमा. खातं अभिमनचं.

ओरडा थांबला. अभिमन समोरच उभा होता.

"पोरगीनं लगीन व्हतं, वहिनी," तो म्हणाला. "तुले सांगाले तोंड नही व्हतं."

चौकशीला आलेल्या साहेबांनी बेबाबाईला बाजूला घेतलं. "घरातली गोष्ट आहे, मावशी. तुमची तक्रार नोंदवू, की राहू देऊ?"

आपलं झाकलं, तर भागाबाईचंही कुणी उघडणार नाही, हे तिला कळत होतं.

"लिखा, साहेब."

पैसे वसूल होऊन तिच्या खात्यात आले. भागाबाईचेही आले. अभिमन कामासाठी सुरतेला निघून गेला. जाताना भेटला नाही. त्याची बायको रूपा समोरून आली की तोंड फिरवायची. ज्यांची नावं उघड झाली, त्यांनी बेबाबाईच्या शेतात मजूर जाऊ दिले नाहीत. भागाबाईसुद्धा चारचौघांत तिच्याशी बोलेनाशी झाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबाबाईने नवऱ्याच्या नावाने घागर भरली, पुरणपोळी केली, आमरस काढला. रुपचंद गेल्यापासून पितराच्या पानावर अभिमनच जेवायला बसायचा. दुपार टळली तरी पान तसंच होतं. त्या घरातलं कुणी पानावर बसायला यावं म्हणून ती रूपाच्या दाराशी जाऊन उभी राहिली, हाक मारली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

बेबाबाई घरी परतली आणि पानावरच्या माशा हाकलत बसून राहिली.